मांडीवरचे हात

हेडसरांनी भाकरीची थाळी डाव्या हातावर तोलली, उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "शांती असो."

ती पहिल्या बाकावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, बोटांत बोटं अडकवलेली. तिने हात उचलला नाही, नजरही खाली घातली नाही. शेजारी थोरली, मधला आणि धाकटी पिटी ओळीने बसली होती, त्यांचेही हात आईसारखेच मांडीवर. हेडसरांचा हात हवेत तसाच राहिला. मागच्या बाकांवरचं खोकणं थांबलं. मग त्यांनी हात मागे घेतला, थाळी मेजावर ठेवली आणि मधल्या वाटेने, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यांचे बूट करकरत होते. ती करकर तिने अगदी शेवटपर्यंत कान देऊन ऐकली. तापलेल्या माणसाने थंड पाणी घोट घोट प्यावं, तशी ऐकली.

नियम या ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना होता. प्रभुभोजनाच्या रविवारी थाळी फिरवणाऱ्या पंचाने बाकावरच्या प्रत्येकापुढे, अगदी लहान मुलापुढेही, आधी हात करायचा आणि मग भाकर द्यायची. एकाने जरी हात दिला नाही, तरी पंचाने थाळी ठेवून मागे जायचं. त्या दिवशी त्याला वाटता येत नाही, घेताही येत नाही. हात न देणाऱ्यालाही भाकर नाही. भांडणारे आदल्या संध्याकाळीच आपसांत मिटवून येतील, या हिशेबाने म्हाताऱ्यांनी तो करून ठेवला होता. आणि लोक मिटवूनही येत. हा नियम कुणी खरोखर वापरलेला जिवंत माणसांपैकी कुणाला आठवत नव्हता. तिने तो शोधून काढला, पेटीच्या तळाशी पडलेली कात्री शोधावी तसा, आणि धार अजून आहे हे तिच्या लक्षात आलं.

तिचा नवरा मंडळीच्याच शाळेत, हेडसरांच्या हाताखाली, लाकूडकाम शिकवायचा. पोरं त्याला सुतारसर म्हणत. हाताने गुणी माणूस, त्यामुळे शाळेत काहीही मोडलं की निरोप त्याला. एका सुट्टीच्या दिवशी घरी फोन वाजला. तिनेच उचलला, तिनेच नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडून हेडसर काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. नवरा तेवढं म्हणाला, "नको सर, मीच येतो." अर्धा कप चहा तसाच टाकून तो गेला. छपरावरच्या टाकीकडे चढताना शिडीची पायरी निसटली. जुनी शिडी बदला असं तो कधीपासून सांगत होता, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

चौकशी करायला माणसं आली, तेव्हा हेडसर म्हणाले, "मी बोलावलंच नव्हतं हो त्यांना. स्वतःहून आले असणार. फार उत्साही माणूस."

खोटं ती कदाचित गिळू शकली असती. पण त्यांनी वर 'उत्साही' म्हटलं. दफनाच्या वेळी प्रार्थनाही त्यांनीच केली, आवाज छान कापरा करून. त्याच आठवड्यात तिने तिन्ही मुलांची नावं शाळेतून काढली.

लोकांना वाटलं, दुःखाने केलं. काहींना वाटलं, भक्तीने केलं; काही भाविक घरांत मुलांना घरीच शिकवतात, तसं. ती दोघांनाही हो म्हणायची. खरं कारण एवढंच होतं, की जे तोंड ते खोटं बोललं त्या तोंडाला तिच्या मुलांनी रोज सकाळी 'नमस्कार सर' म्हणावं, हे तिला नको होतं.

लग्नाआधी ती शिकवायची, त्यामुळे अडलं नाही. पोट शिवणावर चालत होतं. शाळा भरायची ती कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला तीन स्टुलं. कपाटाच्या दारावर काळं अस्तर ताणून ठोकलेलं, तोच फळा. आणि कापडावर खुणा करायचा चपटा खडू, तोच खडू. अपूर्णांक मुलं टेपवर शिकली. कोन शिकली ते बाहीच्या बेतावर. सकाळी प्रार्थना, मग शास्त्र, मग गणित, आणि पाय मशीनवर चालू असतानाच शुद्धलेखन. शुद्धलेखनाची वाक्यं ती मनाने घालायची. शिडी जुनी होती. माणूस वर चढला. वर कोण गेले ते सर्वांना दिसले. वर कोणी पाठवले ते कोणी पाहिले नाही.

"आई, कधीतरी सशाचं वाक्य घाल ना," मधला म्हणायचा.

"ससा शिडीवर चढला," थोरली तोंड वाकडं न करता म्हणायची, आणि मधला खुदखुदायचा. ती हसायची नाही. ससा लिहून घ्यायची.

पाळकसाहेब एकदा ऐन शाळेच्या वेळी आले. मवाळ माणूस. स्टुलावर अर्धवट टेकून बसले, जणू पूर्ण बसलं तर गृहपाठ मिळेल.

"बाई, किती महिने चालायचं हे? माफ करायला नको का?"

"करते की."

"मग?"

"काय म्हणून माफ करू, ते त्यांनी सांगावं. कापड दाखवल्याशिवाय मी माप कशाचं घेऊ, पाळकसाहेब?"

"त्यांना मुख्य पंच करायचं ठरतंय. सगळी मंडळी तयार आहे. पण ज्याला थाळी फिरवता येत नाही त्याला मुख्य पंच कसं करणार?"

"अरेरे," ती म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.

पाळकसाहेबांनी तिच्याकडे जरा घाबरूनच पाहिलं. ते गेल्यावर त्या दिवशी तिने मुलांना बालपणीचं एक गाणंसुद्धा म्हणून दाखवलं. इतक्या दिवसांत ती इतकी खुशीत कधी आली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात नवरीच्या पांढऱ्या झग्यावर डाग पडला.

झगा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. घेरावर, अगदी समोर, तेलाचा पिवळा ठिपका. तिने वाईट शब्द तोंडातच अडवला आणि डाग काढायला बसली. खडूची पूड चोळायची, झटकायची, पुन्हा चोळायची. दुपारचं जेवण थोरलीने वाढलं. जेवणाआधी मुलं अलीकडे एकमेकांना 'शांती असो' म्हणून हात द्यायची. तिला तो खेळ वाटायचा, बरा वाटायचा. तिची पाठ टेबलाकडे होती. मागे काहीतरी कुजबुज झाली, एक स्टूल सरकलं, आणि पिटी जाऊन मागच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसली. रुसली असेल, तिला वाटलं. पिटीचं रुसणं पावसाच्या सरीसारखं, आपोआप थांबणारं.

संध्याकाळी डाग गेला. ती पाठ सरळ करत उठली, तर पिटी अजून बादलीवरच. आईला पाहून पिटी जवळ आली आणि म्हणाली, "मी केलं."

"काय केलंस?"

"डाग. मीच पाडला."

तिच्या हातातला झगा खाली आला. डाग कुणी पाडला ते तिला चांगलं ठाऊक होतं. सकाळी मशीनला तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिलाई मारायची असते, म्हणजे जादा तेल चिंधी पिते. घाईत ती ते विसरली होती. चूक तिची होती आणि ती तिने दुपारी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायला तिला वेळच नव्हता.

"तू नाही पाडलास, पिटे."

"हो. पण पाडला म्हटलं की जेवायला मिळतं," पिटी म्हणाली. "दादाने हात नाही दिला ना."

मधला भिंतीशी उभा होता, कान लाल. "तिने आधीच कबूल करायचं होतं," तो म्हणाला. "तिथे असंच असतं की नाही? तूच तर करतेस."

थोरली खाली मान घालून भांडी पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

तिने पिटीला वाढलं, समोर बसून भरवलं. मुलीने इतक्या घाईने घास घेतले की दोनदा ठसका लागला. डाग आपल्याच हातून पडला, हे आईने मधल्याला सांगितलं, आणि बहिणीला हात द्यायला लावला. त्याने दिला. पण देताना त्याच्या चेहऱ्यावर जो कोरडेपणा होता तो तिने आरशात पाहिलेला होता. हा चेहरा याच्यासाठी मी बेतला, तिला वाटलं, आणि शिवलाही चांगलाच. हेडसरांवरचा राग मात्र तिने स्वतःला चाचपून पाहिलं तेव्हा जागच्या जागी होता. उलट त्यात आता हेही जमा झालं होतं.

शनिवारी हेडसर स्वतः आले. भर सकाळी, भागाकार चालू असताना. दारातच त्यांनी टोपी काढली.

"वहिनी, आत येऊ?"

"या. वहिनी म्हणू नका."

ते पिटीच्या बुटक्या स्टुलावर बसले; गुडघे छातीपर्यंत आले. फळ्यावर आदल्या दिवसाचं शुद्धलेखन होतं. त्यांनी ते वाचलं आणि डोळे दुसरीकडे नेले. तिथे मुलं त्यांच्याकडेच पाहत होती.

"मी थकलोय," ते म्हणाले. "माझी बायको बाजारात जायला लाजते. काय म्हणायचं ते तुम्ही सांगा. मी म्हणतो. उद्या सगळ्यांसमोर म्हणतो."

हेच तर ती इतके महिने मागत होती. तिच्याकडे वाक्य तयार होतं, उजळणी केलेलं. मी पाठवलं. दोनच शब्द. ते तिच्या ओठांपर्यंत आले, आणि तेवढ्यात तिला त्या बुटक्या स्टुलावर भुकेला माणूस बसलेला दिसला, जो जेवण मिळावं म्हणून काहीही म्हणेल.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी सांगितलेलं म्हणाल तर ते माझं होईल. तुमचं तुम्ही आणा. खरं असलं तर मला कळेल."

"आणि हात द्याल?"

"भागाकार राहिलाय आमचा," ती म्हणाली. थोरलीने उठून दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी कधी नव्हे इतकी भरली होती. बातमी पसरलीच होती. हेडसर थाळी घेऊन पहिल्या बाकासमोर आले, पण हात पुढे केला नाही. थाळीच्या कडेवर त्यांचा अंगठा पांढरा पडला होता.

"मी फोन केला होता," ते म्हणाले. आवाज या वेळी कापरा नव्हता; अगदी सपाट होता. "टाकीतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, शिडी हलते, उद्या नवी आणून चढतो. मी म्हटलं, तुम्हाला भीती वाटत असेल तर राहू द्या. मी आपल्या म्हाताऱ्या शिपायाला चढवतो. तेव्हा ते म्हणाले, नको सर, मीच येतो."

कुणीतरी मागे श्वास आत ओढला. म्हातारा शिपाई खांबाशी बसला होता. त्याने दोन्ही तळहात तोंडावर धरले.

ते खरं होतं. नवऱ्याचे शब्द जसेच्या तसे, तिने आणि फोनच्या पलीकडच्या माणसानेच ऐकलेले. आणि त्या शब्दांच्या आधी काय होतं ते आज पहिल्यांदा तिला कळलं. नवरा हौसेने गेला नव्हता, आणि हुकमानेही नाही. या माणसाने त्याचा चांगुलपणा हेरला होता आणि नेमका तिथे आकडा अडकवून ओढला होता.

"शांती असो," हेडसर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

ती वाट पाहत होती. त्यांनी खरं सांगितलं की हात आपसूक उठेल, असं ती धरून चालली होती. इतके महिने ती त्या क्षणाच्या जोरावर उठत होती, मुलांना उठवत होती. आता तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते, शांत, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. ते उठले नाहीत.

पाळकसाहेब एक पाऊल पुढे आले. नियमाचं पुढचं कलम त्यांना तिला सांगावं लागलं नाही. पंचाने उघड कबुली दिल्यावरही जो हात देत नाही, त्याने स्वतः मागे जायचं. थाळी मग पुढे चालते.

तिने मुलांकडे पाहिलं. तिघांचे हात मांडीवर, तिच्याकडून शिकलेले. पिटी थाळीकडे पाहत होती.

"तुम्ही द्या हात," ती म्हणाली.

"आणि तू?" थोरलीने विचारलं.

"हे माझं आहे. तुमचं नाही. द्या."

मधला हलला नाही. तिने त्याचं एकेक बोट सोडवलं, गुंता सोडवावा तसं, आणि मग उठली. मधल्या वाटेने जाताना तिने मान खाली घातली नाही. कुणी तिच्याकडे दयेने पाहिलं, कुणी रागाने. जे आता आता हळहळले होते त्यांनाच आता ती नकोशी झाली होती. शेवटच्या बाकावर ती बसली. तिथून तिला पिटीने हात दिलेला दिसला, मग थोरलीने, आणि बऱ्याच वेळाने, खांदे ताठ ठेवून, मधल्याने. भाकर चघळत पिटी बाकावर गुडघे टेकून मागे वळली आणि आईला शोधू लागली. तिने मान हलवली: खा.

थाळी बाकामागून बाक मागे येत गेली. करकर जवळ आली. तिच्यापुढून पंचाने न थांबता जायचं असतं, पण हेडसर थांबले. त्यांचे डोळे ओले होते आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"मी खरं सांगितलं," ते अगदी हळू म्हणाले. "सगळं सांगितलं."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच. आता पुढे जा, सर. मी इथेच बसेन. दर वेळी."