बारा अंशांची चूक

मी एक जुने होकायंत्र आहे, मित्रांनो. लष्करी प्रशिक्षण शाळेच्या संग्रहालयात, दुसऱ्या दालनातल्या खिडकीजवळच्या कपाटात मी राहते. माझ्यापुढे एक पाटी लावली आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'साहेबांच्या वाळवंटातील मोहिमेत वापरलेले सदोष होकायंत्र'. त्यातला 'सदोष' हा शब्द सोडला तर बाकी सगळे खरे आहे. हा शब्द तिथे कसा आला, ते मी तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. पण तुम्ही आता एवढे लहान राहिलेले नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेची डबी ओतली, घासली, तिला काच बसवली आणि आत सुई टेकवली. सुई बसवणारे कारागीर डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले असत. त्यांनी मला सहा वेळा तपासले. एकदा तर टेबलावरचा हातोडा माझ्याजवळ आणला आणि माझी सुई लगेच भलतीकडे वळली. ते हसले. ही खोड नाही, मित्रांनो, हा माझा स्वभाव आहे. लोखंड जवळ आले की माझे चित्त ढळते. म्हणून माझ्या कातडी पाकिटात एक छापील कागद ठेवला होता : वाहनापासून पन्नास पावले दूर जाऊनच वाचावे. पन्नास पावले म्हणजे काही फार नव्हे. तुमच्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत तेवढी असतील.

तो कागद मनापासून पाळणारा एकच माणूस मला भेटला. तो फौजेत वाट दाखवायचे काम करी. त्याआधी तो शाळेत भूगोल शिकवत असे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. दर तासाला मास्तर गाड्यांची रांग थांबवायचे, उतरायचे आणि पावले मोजत वाळूत दूर जायचे. तिथे मला तळहातावर सपाट धरून सुई स्थिर होईपर्यंत ते श्वासही जपून घ्यायचे. ड्रायव्हर मंडळी त्यांची मनसोक्त टिंगल करीत. "मास्तर निघाले हवा खायला," असे कोणीतरी ओरडले की सगळी रांग हसायची. मास्तरही हसायचे, पण एक पाऊल कमी टाकायचे नाहीत. माझ्या पाकिटात त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा फोटो ठेवला होता. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

आता साहेबांविषयी. साहेब म्हणजे आमच्या तुकडीचे सेनापती. त्यांना वाईट म्हणून मोकळे व्हावे असे मला पुष्कळदा वाटते, पण ते जमत नाही. हजारभर जवान होते आणि साहेब प्रत्येकाला नावाने हाक मारायचे. जवानांच्या ताटात जे असे तेच ते खायचे. गोळ्या सुटल्या की सगळ्यांत पुढे तेच दिसायचे. त्यांना फक्त एक गोष्ट सहन होत नसे. थांबणे.

युद्ध पेटून महिना झाला होता. साठ मैलांवर एक विहीर होती, ती आमच्या बासष्ट जवानांनी जाऊन धरली होती. विहीर आटलेली होती, पण शत्रूला ते ठाऊक नव्हते. बासष्टांबरोबर तीन दिवसांचे पाणी होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही टँकर घेऊन पोचायचे आणि तोवर त्यांनी जागा सोडायची नाही, असे ठरले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पहिला तास झाला, मास्तरांनी रांग थांबवली. दुसरा तास झाला, पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदा ते उतरायला लागले तेव्हा साहेब आपल्या उघड्या गाडीतून खाली आले आणि त्यांनी मास्तरांच्या हातातून मला काढून घेतले.

"मास्तर, तुमच्या या फेऱ्यांमध्ये लढाई संपून जाईल."

"साहेब, गाडीत ते बरोबर दाखवणार नाही. इंजिनाचं लोखंड..."

"मला शिकवू नका. मागच्या गाडीत बसा."

साहेबांनी मला गाडीच्या बॉनेटवर पट्ट्याने आवळले आणि पुढे काचेतून बघत ते निघाले. माझ्या पोटाखाली इंजिन धडधडत होते. माझी सुई बारा अंश वळली. मी काय करणार? मला ओरडता येत नाही. मी जिवाचे रान करून खरी दिशा शोधत होते आणि खालचे लोखंड मला खेचत होते. दिवसभर साहेब बारा अंश चुकीच्या वाटेने गेले, त्यांच्या मागे हजार माणसे आणि सहा टँकर गेले.

दुपार कलताना आम्ही एका टेकाडावर चढलो. समोर विहीर नव्हती. समोर शत्रूचे सगळ्यांत मोठे कोठार होते, पाठमोरे. शत्रूचे लोक बूट काढून सावलीत पडले होते, कोणी कपडे धूत होते. या बाजूने कोणी येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. आमच्याही नव्हते.

इथे मी साहेबांचे कौतुकच करीन. दुसरा कोणी असता तर तोंडात बोटे घालून उभा राहिला असता. साहेबांनी अर्ध्या मिनिटात सगळे जोखले, हाताने दोन खुणा केल्या आणि अर्ध्या तासात कोठार आमचे झाले. वायरलेसवर ते मुख्यालयाला म्हणाले, "ठरवूनच इकडे वळलो. शत्रूची पाठ मोडली." तिकडून शाबासकीचा वर्षाव झाला. चुकून वळलो, हे ते बोलले नाहीत.

मास्तरांनी तोवर सूर्यावरून जागा काढली होती. ते धापा टाकत आले.

"साहेब, विहीर इथून बारा मैलांवर आहे. एक टँकर द्या. तीन तासांत पोचतो."

"टँकर पाठलागाला लागणार."

"सहा आहेत, साहेब. मी एकच मागतोय. पोरांचं पाणी आज संपणार."

साहेबांनी आवाज खाली आणला. "मी ठरवून वळलो असं कळवलंय. मग विहिरीवर आधी पाणी का नाही पाठवलं, असं उद्या विचारतील. काय सांगू? आणि ते तिथे बसलेत तोवर शत्रू त्या बाजूला पळणार नाही. सरळ माझ्या हातात येईल."

"निदान होकायंत्र तरी द्या."

"ते इथेच राहील."

माझ्या पाकिटातला फोटो तेवढा मास्तरांनी मागून घेतला. सूर्य मावळायच्या आत ते परवानगी न घेता एक टँकर घेऊन निघून गेले. तासाभराने वाळूचे वादळ उठले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबले नाही.

चौथ्या दिवशी साहेबांच्या वायरलेसवर विहिरीवरून आवाज आला, "पाणी कधी येतंय?" साहेब म्हणाले, "वाटेत आहे. जागा सोडू नका." त्या दिवशी ते खोटेही नव्हते, मास्तर वाटेतच होते. पाचव्या दिवशी तोच प्रश्न आला, आवाज मात्र घोगरा झाला होता. साहेबांनी तेच उत्तर दिले. सहाव्या दिवशी नुसती खरखर ऐकू आली आणि त्या खरखरीलाही साहेबांनी तेच सांगितले. बासष्ट जणांपैकी एकानेही जागा सोडली नाही. बारा मैलांवर पाणी आहे हे त्यांना कोणी कळवले नव्हते. मी गाडीच्या बॉनेटवर सगळे ऐकत होते, मित्रांनो, आणि माझी सुई तेव्हाही चुकीचेच दाखवत होती.

पळणारा शत्रू खरोखरच विहीर टाळून साहेबांच्या हातात आला. अकरा दिवसांत युद्ध संपले. साहेबांच्या त्या वळणावर पुस्तके निघाली आणि प्रशिक्षण शाळेत धडा लागला. बासष्टांची नावे भिंतीवर कोरली गेली. ते का मेले याचे काहीतरी कारण लागतच होते. कागदात लिहिले गेले, 'वाटाड्याने विहिरीची दिशा चुकीची दिली व तो पाणी घेऊन पळाला.' परत न आलेल्या माणसावर खापर फोडायला वेळ लागत नाही.

आठ महिन्यांनी मास्तर सापडले. टँकर वाळूत रुतला होता. त्याच्यापासून दोन मैलांवर, विहिरीच्या बाजूला तोंड करून, मास्तर पडले होते. दोन्ही हातांजवळ पाण्याचे दोन डबे होते. दोन्ही भरलेले होते आणि एकाचेही झाकण उघडलेले नव्हते. तरीही कागदातले वाक्य बदलले नाही.

वर्षे गेली. मी संग्रहालयात आले. मुले माझ्या काचेला नाक लावायची, मार्गदर्शक माझी थोरवी गायचे. मग या शाळेत एक मोठे सभागृह बांधले गेले आणि त्याला साहेबांचे नाव द्यावे असे निघाले. त्यासाठी साहेबांचे कर्तृत्व तपासायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होत्या इतिहासाच्या एक प्राध्यापिका. समितीपुढे एकच विरोधी अर्ज आला होता. तो मास्तरांच्या मुलीचा होता. ती आता चाळिशीची झाली होती आणि टपाल कचेरीत पत्रे वेगळी करायचे काम करीत होती. साहेबांना मोठे म्हणा, पण माझ्या वडिलांवरचा डाग पुसा आणि त्यांचे नाव बासष्टांखाली कोरा, एवढेच तिचे मागणे होते.

साहेबांचा म्हातारा ड्रायव्हर तिचा साक्षीदार होता. होकायंत्र बॉनेटवर बांधले होते, असे त्याने तिला घरी बसून दोनदा सांगितले होते. समितीपुढे साहेब स्वतः खुर्चीत बसलेले त्याला दिसले. त्याने टोपी हातात चुरगाळली आणि म्हणाला, "लई वर्षं झाली बाई. आता काय आठवतंय?"

तरीही मुलीने हार मानली नाही. "होकायंत्र आहे, साहेबांची तीच गाडीही बाहेर अंगणात ठेवलेली आहे," ती म्हणाली. "ठेवून बघा ना."

प्राध्यापिकाबाईंनी ते ऐकले. त्यांनी मला कपाटातून काढले. बॉनेटवर ठेवताच माझी सुई बारा अंश वळली. मग मुलगी स्वतः मला घेऊन पन्नास पावले दूर गेली. तिने मला तळहातावर सपाट धरले. माझी सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. मला वाटले, आता झाले! इतक्या वर्षांनी मला माझी साक्ष देता आली.

समितीतले एक निवृत्त अधिकारी खाकरले. "जुनं यंत्र आहे हो. कधी इकडे, कधी तिकडे दाखवतंय. म्हणजे बिघडलेलंच आहे."

सगळ्यांना हायसे वाटले. साहेबांचा दोष नाही, शाळेचा नाही, धडा बदलायला नको. प्राध्यापिकाबाईंनी कपाळ चोळले, एकदा घड्याळ पाहिले आणि निर्णय सांगितला : सेनापती म्हणून साहेबांचे कौशल्य असामान्य, विहिरीच्या दिशेतील चूक होकायंत्राच्या दोषामुळे, मात्र मास्तर परवानगीशिवाय गेले असल्याने त्यांचे नाव कोरता येणार नाही. कारकुनाने ते लिहिले, पेनाला टोपण लावले आणि वही मिटली. साहेब आणि कारकून सोडून बाकी मंडळी चहाला बाहेर गेली. मी टेबलावरच राहिले होते. मुलगी उठली आणि साहेबांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या वडिलांनी दिशा चुकीची सांगितली होती?"

साहेबांनी मान वर केली. "नाही," ते म्हणाले. "तुझे वडील बरोबर होते. मला त्याच दुपारी कळलं होतं."

"मग पाणी का नाही पाठवलंत?"

"पाठवलं असतं तर मी चुकलो हे दिसलं असतं. ते बासष्ट गेले, पण युद्ध अकरा दिवसांत संपलं. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन." त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता आणि रागही नव्हता.

मुलगी झटकन कारकुनाकडे वळली. "ऐकलंत ना? लिहा."

"कामकाज संपलंय, बाई," कारकून वही काखेत मारत म्हणाला. "माझं पेन बंद होतं."

पुढच्या वर्षी साहेब गेले. मुलीने पुन्हा अर्ज केला. उत्तर आले, 'असे कोणतेही विधान नोंदीत आढळत नाही.' ते पत्र घेऊन ती माझ्या कपाटापुढे आली आणि तिने माझी नवी पाटी वाचली. "हे खोटं आहे," ती शेजारच्या शिपायाला म्हणाली. तो म्हणाला, "मी फक्त काच पुसतो, बाई." तो खरेच काच फार छान पुसतो. त्यानंतर ती कधी आली नाही.

मित्रांनो, माझ्या पाटीचे मला फार दुःख नाही. मी पितळेचे आहे, मला सोसते. पण कोणी सेनापती थोर होता असे तुम्ही वाचाल, तेव्हा तो थोर असेलही, माझे साहेब होतेच. तरी एवढे विचारा, की त्याने पाणी कोणाला दिले नाही. आणि विचारायच्या आधी लिहिणाऱ्याकडे नीट बघा. त्याच्या पेनाचे टोपण काढायला लावा, मगच प्रश्न विचारा.