बोटीवरची नॅनी

मला सहसा किळस येत नाही. पुण्यात सरकारी इस्पितळाच्या सर्जिकल वॉर्डात मी उभा जन्म काढला, शेवटची काही वर्षं इन-चार्ज सिस्टर म्हणून. पू, रक्त, ओकारी, सगळं या हातांनी पुसलं आणि हात धुऊन त्याच हातांनी डबा खाल्ला. तेव्हा त्या बोटीवर मला जी किळस आली ती काही नाजूक बाईची किळस नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

बोट म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तानची क्रूझ. २०१४ च्या जुलैत, मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, माझा मुलगा यशोधन आम्हाला घेऊन गेला. तो, सून दीप्ती, नऊ वर्षांची अनुष्का, सहा वर्षांचा वरुण आणि मी. यशोधन न्यूझीलंडला, ऑकलंडच्या पेनरोज भागात एका गोदामाचा मॅनेजर आहे, घर जवळच ओटाहुहुला. ही तुझ्या सत्तरीची भेट, असं तो म्हणाला होता. भेटीला एक प्रश्न चिकटवलेला होता. माझा व्हिसा ऑक्टोबरात संपत होता आणि दीप्तीची नोकरी पूर्ण वेळ होणार होती. मुलांना शाळेतून आणायला, खायला घालायला घरात कोणीतरी हवं होतं. तर व्हिसा वाढवायचा की पुण्याला परत जायचं, ते मी ट्रिपहून आल्यावर सांगायचं होतं. घाई नाही, सावकाश सांग, असं तो रोज म्हणायचा.

बोटीवर एवढी माणसं, आणि सगळी सकाळपासून खातच असतात. बुफेवर एका गृहस्थाने सूपचा डाव तोंडाला लावून चव पाहिली आणि तोच डाव परत भांड्यात सोडला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वर डेकवर गरम पाण्याचा हौद होता. त्यात एक म्हातारा पायाच्या बँडेजसकट बसला होता, आणि त्याच पाण्याच्या चुळा भरून पोरं एकमेकांवर उडवत होती. लोक ताटंच्या ताटं भरून घ्यायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. अन्न टाकणं मला जमत नाही. यशोधन लहान असताना त्याच्या ताटात उरलेलं माझ्याच पोटात जायचं, आणि अजूनही जातं. त्याचं उष्टं खातच मी म्हातारी झाले. बोटीवरही वरुणचा अर्धा पाव आणि अनुष्काचे गारढोण चिप्स मीच संपवत होते. "आजी, शी, दॅट्स उष्टं," असं दोघं ओरडायची. या मुलांना मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. शी, घाण आणि उष्टं एवढे शब्द मात्र त्यांनी माझ्याकडून घेतलेत. उष्ट्याला तर त्यांच्या इंग्रजीत शब्दच नाही.

बंदरांत मी फारशी उतरले नाही. यशोधन आणि दीप्ती त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच्या मंडळींबरोबर फिरायला जायचे. ऊन फार आहे, मुलं कंटाळतील, आई तू बस त्यांच्यापाशी, असं ठरलेलं. सँटोरिनीला आणि इफेससला तेवढी मुलं हट्टाने आली आणि त्यांच्यामागे मीही गेले. रोड्सचं बेट मी बोटीच्या कठड्याला टेकून पाहिलं. जेवणाच्याही दोन पंगती होत्या, मुलांची लवकर आणि मोठ्यांची उशिरा. मी मुलांच्या पंगतीत.

याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आणि त्याला एक कारण होतं. दुसऱ्याच दिवशी डेकवर यशोधनच्या टेबलावरचं एक जोडपं भेटलं. त्याने माझ्याकडे हात करून त्यांना सांगितलं, "धिस इज अवर नॅनी."

ओटाहुहुला आमच्या शेजारी हाना राहते. माओरी आहे, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांतली, माझ्याच वयाची. तिची नातवंडं तिला नॅनी म्हणतात. नातवंडंच कशाला, गल्लीतली सगळी पोरं आणि कोपऱ्यावरच्या डेअरीचा मालकही तिला नॅनीच म्हणतो. "किया ओरा, नॅनी" असा त्यांच्यातला नमस्कार करायला लोक तिच्यासाठी गाडी थांबवतात. त्यांच्याकडे कार्य असलं की पहिली खुर्ची तिची. नॅनी म्हणजे इकडची आजी, हे मी तिच्याकडे बघून शिकले होते. माझा मुलगा चारचौघांत, परक्या लोकांत मला हा मान देतोय, म्हणून माझी छाती फुगली. मी त्या जोडप्याला हात जोडून नमस्कार केला.

मग काय, बोटभर मी तेच सांगत सुटले. कोणी मुलांकडे बघून हसलं की मी म्हणायची, "आय ॲम नॅनी." लोक फार गोड बोलायचे. एक उंच बाई तर आपलं रांगतं मूल माझ्यापाशी ठेवून पोहायला गेली. लांबूनच बोटाने खूण केली, बघ याच्याकडे म्हणून. मी त्या मुलाचा शेंबूड पुसला, ढुंगण धुतलं, त्याला मांडीवर झोपवलं. परत आल्यावर तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कागदी रुमालात केकचा तुकडा आणून दिला. ओळख ना पाळख, पण आजीवर केवढा विश्वास टाकतात ही माणसं, असं मला वाटलं. त्या केकचा तुकडा तोंडात असतानाच मी मनाशी ठरवलं, की राहायचं. हाना राहते तसं राहायचं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मराठी वर्गाचा कार्यक्रम होता. ओटाहुहुला एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन विभावरीताई तो वर्ग चालवतात. मुलांनी सुट्टीत काय पाहिलं ते मराठीत सांगायचं होतं. दीप्तीने अनुष्काला भाषण लिहून दिलं होतं, त्यात प्राचीन संस्कृती आणि स्थापत्यकला असे शब्द होते. मी सकाळी उठून मसालेभात केला. यशोधनला तो फार आवडतो. रात्री जेवताना मी होकार सांगणार होते.

अनुष्का उभी राहिली, प्राचीन संस्कृतीपर्यंत नीट आली आणि विसरली. मग माझ्याकडे बघून हसली आणि तिच्या मराठीत तिला जे आठवत होतं ते सांगू लागली. ग्रीसला ऑक्टोपस दोरीवर धुण्यासारखे वाळत घालतात, शी. सँटोरिनीच्या पायऱ्यांवर गाढवाची लीद असते आणि बाबा त्यात पडले. वरुणने बाबांच्या टोपीत ओकारी केली. लोक हसू लागले तशी तिला उमेद आली. मग तिने इफेससचे संडास सांगितले. दोन हजार वर्षांपूर्वीचे, संगमरवरी बाकावर ओळीने भोकं, मध्ये आडपडदा नाही. थंडीत श्रीमंत लोक आधी नोकराला बसवायचे आणि दगड गरम झाला की स्वतः बसायचे, असं गाईडने सांगितलं होतं, तेही तिने सांगितलं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. आजी सगळ्यांचं उष्टं खाते, बोटीवर पण खात होती, यावर तर विभावरीताईंनी डोळे पुसले. मीही हसत होते.

"बोटीवर सगळ्यांना माझी आजी आवडली," अनुष्का म्हणाली. "बाबा सगळ्यांना सांगायचे, शी इज अवर नॅनी. मग एक लेडी म्हणाली, तुमची नॅनी खूप गुड आहे, आम्हाला पण पाहिजे, तिचा नंबर द्या. बाबा म्हणाले, सॉरी, वी आर कीपिंग हर. मला खूप प्राऊड वाटलं."

हसू थांबलं. कोणाच्या आजीचा फोन नंबर कोणी मागत नाही, एवढं माझ्याही ध्यानात आलं. पण का थांबले सगळे, ते कळेना. माझ्या मागच्या रांगेत रमणराव आणि त्यांच्या पत्नी सरलाताई बसले होते. सरलाताईंनी काय झालं म्हणून विचारलं. रमणरावांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्या हॉलला ऐकू जाते.

"नॅनी म्हणजे आया गं," ते म्हणाले. "पगारी बाई, पोरं सांभाळायला ठेवलेली."

विभावरीताईंनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या. मी यशोधनकडे बघितलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता आणि फोन बंद होता.

मला एकदम त्या केकची चव आठवली. ती थोपटणारी बाई, तिची बोटाची खूण, आणि हात जोडून आय ॲम नॅनी, आय ॲम नॅनी करत फिरणारी मी.  आयाच्या कामाची मला लाज नाही. वॉर्डातल्या आया माझा उजवा हात होत्या, त्यांच्या पंगतीला मी जेवले आहे. किळस आली ती माझ्या पोटच्या पोराची, ज्याने मला बघून हा शब्द निवडला, आणि मी त्याला मान समजून मिरवतेय हे बघत राहिला.

 अनुष्काला बक्षीस म्हणून रंगपेटी मिळाली होती. घरी आल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि विचारू लागली, की नॅनी हा बॅड वर्ड आहे का. मी तिला सांगितलं, की हानाला म्हणतात तो शब्द चांगला आहे आणि तिचं भाषण तर फारच छान झालं, त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती.

मग मी स्वयंपाकघरात गेले. यशोधन तिथेच होता, दीप्ती ओट्याशी पाठ करून भांडी विसळत होती. तिने मान वर केली नाही, म्हणजे तिलाही माहीत होतं. यशोधनने समजावायला सुरुवात केली. टेबलावर सगळी जोडपीच होती, कोणी आईला घेऊन आलं नव्हतं. त्या बाईनेच पहिल्या दिवशी विचारलं, की मुलांबरोबर आहे ती नॅनी का, आणि तो हो म्हणून गेला. मग ते बदलणं अवघड झालं. त्यात काही वाईट हेतू नव्हता. मी ऐकून घेतलं. त्याला वाटलं असावं, की मला पटतंय.

"तू हाताने जेवायचीस, आई," तो म्हणाला. "मुलांच्या ताटातलं उष्टं उचलून खायचीस. लोक बघायचे. त्यांना मी काय सांगणार होतो?"

"ही माझी आई आहे, एवढंच," मी म्हणाले. "इंग्रजीत ते याहून लहान आहे."

 तो म्हणाला, की चूक झाली, पुन्हा होणार नाही, आणि मुलांसाठी तरी तू मनात ठेवू नकोस. मुलांचं नाव काढल्यावर मला त्याची आणखीच घाण वाटली.

"इथे नोकरी सोडायची तर आधी नोटीस द्यावी लागते ना?" मी विचारलं. "आज दिली असं समज. व्हिसा संपला की मी जाते. तोवर मुलांना शाळेतून आणीन. पुढे दुसरी बघा, पगारी."

दीप्तीच्या हातातलं भांडं बेसिनमध्ये पडलं. कोणी ते उचललं नाही. मी मसालेभात गरम केला आणि पानं वाढली, कारण मुलांना भूक लागली होती.

जेवण कोणाला फारसं गेलं नाही. वरुणने अर्धा भात ठेवला आणि टीव्हीकडे पळाला. यशोधनने चार घास घेतले, भात चिवडत बसला आणि उठला. वरुणच्या ताटातलं मी नेहमीसारखं संपवलं. त्याने लिंबू पिळून वर टोमॅटो सॉस ओतला होता, तरी संपवलं.

मग यशोधनचं ताट पुढ्यात ओढलं. तो दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याच्या लहानपणी गोवर आला असताना त्याच्या तोंडातून पडलेला घास मी खाल्ला आहे. मी हात पुढे केला, आणि तो जाईना. मला खरोखर ओकारी येईल असं वाटलं. मी उठले, पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि त्याच्यासमोर ते उष्टं आत सारलं. मग वॉर्डातून निघताना धुवायचे तसे कोपरापर्यंत हात धुतले.