पहिले तीस सेकंद

नारिन या डोंगराळ गावातली ही कंपनी जनावरांच्या लशी विकते आणि कुरणांवर डॉक्टर पाठवते. मार्चमध्ये मी तिथे कामाला लागले, तेव्हा टेलिफोन एका टेबलावर होता, ई-मेल खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर येत आणि मेसेज तिघांच्या खिशातल्या मोबाइलवर. एखाद्या मेंढपाळाने फोन करून वर मेसेजही टाकला, की दोन डॉक्टर दोन गाड्या घेऊन एकाच तंबूपाशी पोचत. हे सगळं एका पडद्यावर, एका नावाखाली आणायचं काम माझं होतं. ते मला मनापासून पटलं होतं. आजही पटतं.

त्यातला एक भाग मात्र संचालक कुबातच्या डोक्यातला. फोन आला की यंत्राने ‘बोला’ म्हणायचं, पहिले तीस सेकंद ऐकायचं आणि फोन तातडीचा, मागणीचा की खाजगी ते ठरवायचं. खाजगी फोन रांगेच्या शेवटी. हे बसवलं मीच. तपासलंही, पण राजधानीत, बिश्केकच्या ऑफिसात, तिथल्याच शहरी लोकांच्या आवाजांवर. तिथे माझी चूक झाली.

जूनअखेर कुबात आकडे घेऊन आला. शंभरातले एकसष्ट फोन खाजगी. बावीस वर्षं फोनवर बसणाऱ्या बुरुलकान एजेने (एजे म्हणजे ताई) लोकांना गप्पांची सवय लावली, असा त्याने अर्थ काढला. एक तारखेपासून तिला काढायचं आणि सगळ्यांना नियम कळवायचा: फोन असो की पत्र, आधी काम सांगा, विचारपूस नको. यंत्रणा ठीक चालते, असं सांगणाऱ्या कागदावर फक्त माझी सही हवी होती.

मी दोन दिवस मागून घेतले आणि खाजगी ठरलेले दोनशे बारा फोन ऐकले. खरोखर खाजगी नऊ निघाले. बाकीचे सगळे एकाच रीतीने सुरू होत होते. गुरंढोरं सुखरूप? जीव सुखरूप? पोरंबाळं? वाट कशी आहे? आमच्याकडे सगळं सुखरूप. घरात काहीही झालेलं असो, सुरुवातीला सगळे हेच म्हणतात. तोंड उघडताच संकट सांगणं हा आमच्याकडे उद्धटपणा. एजे फोनवर आल्यावर हे सगळं पुन्हा होई, आणि कामाची गोष्ट सरासरी चौऱ्याण्णवाव्या सेकंदाला निघे. यंत्राचा निकाल त्याच्या कितीतरी आधीच लागलेला असे.

एकशे सत्तरावा फोन असानाली नावाच्या मेंढपाळाचा होता. सोंग-कोल तळ्याच्या वर, जिथे रेंज मिळते त्या टेकडीवरून केलेला. यंत्र ‘बोला’ म्हणालं. त्याने एजेच्या गुडघ्यांची, सुनेची, नातवाची चौकशी केली, आपल्याकडे सगळं सुखरूप असल्याचं सांगितलं आणि उत्तरासाठी थांबला. उत्तर आलंच नाही. अकरा मिनिटं तो फोन कानाला लावून उभा होता, मग मोबाइलची बॅटरी संपली. शेवटी त्याने घोड्यावरून माणूस धाडला. डॉक्टर पोचला तोवर चौदा मेंढ्या गेल्या होत्या.

मी त्याला फोन केला. विचारपूस झाली, मग आधी काम का नाही सांगितलं, ते विचारलं. तो म्हणाला, “मेंढ्या मरताहेत, हे एकदम कसं तोंडातून काढू, पोरी? पलीकडे माणूस आहे की नाही, तेही कळत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी कुबातपुढे मांडलं. एजेही दाराशी चहा घेऊन बसली होती.

“नाझिक एजे,” कुबात मला म्हणाला, “जग कुठे चाललंय, आणि तुम्ही म्हातारीचे गुडघे मोजताय.”

“गुडघे नाही मोजले. मेंढ्या मोजल्या.”

लोक महिन्याभरात शिकतील, त्यांना शिकवा, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात एजेने चहाचा वाडगा खाली ठेवला.

“सकाळी आत आलास तेव्हा मला पहिलं काय विचारलंस रे, कुबात?”

त्याने तिची तब्येत विचारली होती, मग नातवाचं. ते वेगळं, तो म्हणाला.

“किती सेकंद लागले, ते तुझ्या यंत्राला विचार. मला तर वाटलं, गप्पा मारायलाच आलास.”

कुबातचे कान लाल झाले. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मी खाली लिहिलं की फोन, ई-मेल आणि मेसेज एकत्र आणणारी यंत्रणा ठीक आहे. पहिल्या तीस सेकंदांवरून फोन वेगळे करणं ठीक नाही, त्यापायी असानालीच्या चौदा मेंढ्या मेल्या, आणि तो भाग मी तपासायला हवा होता तसा तपासला नाही. त्याखाली सही केली.

“हे मी घेणार नाही,” तो म्हणाला.

“नका घेऊ. दुसरं काही मी लिहिणार नाही.”

“बिश्केकहून दुसरा माणूस आणीन.”

“आणा. त्यालाही दोनशे बारा फोन ऐकवीन.”

त्याच्यादेखतच मी तो भाग बंद केला. फोन पुन्हा थेट एजेच्या टेबलावर वाजू लागले. तिच्यापुढच्या पडद्यावर फोन करणाऱ्याचे मेसेज आणि पत्रंही दिसत होती. कुबात गाडीत जाऊन बसला.

एक तारीख येऊन गेली. एजेला काढल्याचा कागद आला नाही, आणि माझं काम पुढे चालू ठेवल्याचाही नाही. कराराच्या उरलेल्या दिवसांत मी तिला पडद्यावरून पत्रांना उत्तरं द्यायला शिकवत होते. अल्माटीच्या लसवाल्यांनी माल कधी पाठवायचा म्हणून विचारलं होतं. एजेने दोन बोटांनी लिहिलं. पाच ओळी त्यांच्या घरच्यांच्या, प्रकृतीच्या आणि रस्त्याच्या चौकशीच्या, सहावीत तारीख. मग तिने भिंतीवर चिकटवलेल्या कुबातच्या ‘विचारपूस नको’ या नियमाकडे पाहिलं.

“वरच्या ओळी काढू?”

“राहू देत,” मी म्हटलं. तिने पत्र पाठवून दिलं.