बाई ओळखणारी गाडी

अमावस्येच्या सकाळी खजुरीच्या रस्त्यावर यंत्रसिद्ध अप्पाच्या मठापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॅक्टर, टमटम, मोटारसायकली. एकानं तर गिरणीची मोटर बैलगाडीत घालून आणली होती. आमच्या भागात अमावस्येला गाडी धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं ही जुनी रीत. त्यात कुणाचं काही जात नाही, लिंबू सोडून. अप्पानं मात्र त्या लिंबावर अख्खा मठ उभा केला होता.

त्या दिवशीची गर्दी एका लाल गाडीसाठी होती. महेशकुमारची गाडी. पुण्याहून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार, दोनच दारं, पोट जमिनीला टेकलेलं. महेशनं तिला मागं तोफेसारखा सायलेन्सर लावला होता. बॉनेटखालचा हवेच्या फिल्टरचा बंद डबा काढून तिथं उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला होता. का, तर आवाज भारी येतो.

आली तेव्हा गाडी झकास चालायची. मग ती पूजेला अप्पाकडे गेली, आणि त्यानंतर बिघडत गेली. पळवली की ठीक. उभी केली की धडधडायची, काळा धूर ओकायची, पेट्रोलचा वास मारायची आणि आचके देत बंद पडायची. शहाणा माणूस मेकॅनिककडे गेला असता. महेश परत अप्पाकडे गेला.

"पाना लावू नको," अप्पानं दम दिला. "पाना लावलास तर बाधा गाडीतनं निघून घरात शिरंल. तुझ्या घरातल्याच एका बाईची नजर हाय ही."

घरात बायका तीन. महेशची आई नागम्मा, बायको ज्योती आणि थोरल्या भावाची विधवा सुधारानी. सुधारानीचा नवरा काविळीनं गेला होता आणि तिनं नुकतीच त्याच्या वाट्याची जमीन आपल्या नावावर करून मागितली होती. मागणी झाली आणि बाधा सापडली. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. सुधारानीचं अंथरूण गोठ्यात गेलं. तिची लहान मुलगी रेणुका आजीजवळ ठेवली, आईला शिवायचं नाही असं बजावून. आता अमावस्येला गाडीच निवाडा करणार होती: जिच्यापुढं गाडी मरेल ती बाई गाव सोडणार, आणि मूल इथंच राहणार.

अप्पा ओट्यावर चढला. पांढरंशुभ्र धोतर, कपाळभर भस्म.

"बाळांनो, लोकांना गाडीची चार चाकं दिसतात, मला पाचवं दिसतंय! चार रस्त्यावर फिरतात, पाचवं नशिबात फिरतंय. मोठमोठे शास्त्रज्ञ इथं येऊन गप बसून गेले. विजेची शक्ती, गाईच्या शेणाची शक्ती आणि माझ्या गुरूची शक्ती, तिन्ही एकच हाय!"

"कोणते शास्त्रज्ञ, अप्पा?" मी विचारलं.

"तुला सांगून कळणार हाय व्हय?" अप्पा म्हणाला, आणि लोक माझ्यावर हसले.

अप्पाचा चेला मल्लप्पा गाडीत जाऊन बसला. वाहनाचा लगाम धरायला, असं सांगण्यात आलं. इंजिन सुरू झालं. नागम्मा पुढून गेली, गाडी एकसुरात घुमत राहिली. ज्योती गेली, तोच सूर. मग सुधारानीला ढकललं. ती बॉनेटपुढं आली आणि इंजिन अडखळलं, थरथरलं, मागून काळा लोट निघाला आणि गाडी मेली.

"अव्वाव्वा! ओळखलं की गं तिला!"

"तोंड बघ कसं गरीब करायलीय!"

रेणुका आजीच्या पदरातून सुटायला धडपडत होती. नागम्मानं तिचं मनगट सोडलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. हेमावती, सुधारानीची मावसबहीण. गुलबर्ग्याच्या एका पॉलिटेक्निकात ऑटोमोबाईल शिकवते. बहिणीचा फोन आला तशी पहिल्या गाडीनं निघून आली होती.

"अप्पा, परत एकदा होऊ द्या," ती म्हणाली. "फक्त मल्लप्पाला खाली उतरवा."

"वाहनाला सारथी लागतो, मॅडम."

"उभ्या गाडीला कशाला? हँडब्रेक लावलेला आहे की."

"तुमच्या पुस्तकात हे नसतंय."

"उतरव की अप्पा," म्हातारा ज्ञानोबा खालून ओरडला. "तुझी शक्ती काय मल्लप्पाच्या बुडाखाली हाय व्हय?"

आता हसणाऱ्यांची तोंडं दुसरीकडं वळली. मल्लप्पा उतरला. हेमावतीनं गाडी सुरू केली, बाहेर आली आणि म्हणाली, "या आत्याबाई."

नागम्मा दोन पावलं आली असेल. धड्, धड्, काळा धूर, गाडी बंद.

गर्दीत मग कुणीतरी हळूच म्हणालं, "मग ही बी तसलीच का?"

"कामून बोलायलास रे मुडद्या!" नागम्मा कडाडली. सुधारानीबद्दल तेच बोललं गेलं तेव्हा तिला राग आला नव्हता.

"आता तुम्ही या, अप्पा," हेमावती म्हणाली. "तुमच्यापुढं तरी चालायला पाहिजे."

अप्पा पुढून जायला तयार होईना. लोकांनी रेटलं तेव्हा म्हणाला, मी मागून जातो. हेमावतीनं परत सुरू केलेली गाडी त्याच्यासाठीही टिकली नाही. मरता मरता तिनं सगळी काजळी त्याच्या पांढऱ्या धोतरावर सोडली.

मग हेमावती स्वतः सीटवर बसली. "सुधा, फिर पुढून. पाहिजे तितकं फिर." सुधारानी गेली, आली, परत गेली. गाडी घुमत राहिली. हेमावतीनं दार उघडून सगळ्यांना आपला उजवा पाय दाखवला. अ‍ॅक्सिलेटर किंचित दाबलेला होता. "पाय ठेवला की चालते. पाय काढला की मरते. मल्लप्पानं पाय कधी काढला, ते त्यालाच विचारा."

मल्लप्पा अप्पाकडं बघायला लागला. अप्पा धोतर झटकत होता.

तिनं बॉनेट उघडलं. शंकूच्या फिल्टरवरून बोट फिरवलं, हुंगलं. "हे तेल कुठलं?"

"समईचं," महेश म्हणाला. "अप्पांनी पहिल्यांदा हा शंकू बघितला आणि हातच जोडले. स्वयंभू लिंग हाय म्हणाले. दर अमावस्येला अभिषेक करायलेत."

"हे गाडीचं नाक आहे, महेश. तुम्ही नाकात तेल ओतलं." तिनं फिल्टरमागच्या नळीतून एक छोटा सेन्सर काढून दाखवला. आत केसासारखी तार, तेलकट, काळवंडलेली. "आत किती हवा गेली ते ही तार मोजते आणि त्या हिशेबानं पेट्रोल सुटतं. तेल बसलं म्हणून उभ्या गाडीत ती हवा आहे त्याहून जास्त सांगते. पेट्रोल जास्त येतं, जळत नाही, म्हणून धूर, वास आणि आचके. धूर तपासून ही चूक सुधारणारा दुसरा सेन्सर असतो. तो कुठं आहे?"

"सायलेन्सर बदलताना काढला. मध्ये यायलता."

म्हणजे तपासणाराच काढून टाकलेला. गाडीत निदान होता तरी. आमच्या गावानं तो कधी बसवलाच नाही.

हेमावतीनं पिशवीतल्या स्प्रेनं तार धुतली, वाळवली. काजळलेले प्लग काढून पुसले. घरून जुना फिल्टरचा डबा मागवून बसवला. किल्ली फिरवली. गाडी उभ्या जागी, कुणाच्याही पायाशिवाय, शांत घुमत राहिली. "दुसरा सेन्सर पण आठवड्यात बसवून घे," ती म्हणाली.

"एक नंबर, मॅडम!" महेश हरखला. गाडीवरून हात फिरवला त्यानं. ज्या वहिनीला गोठ्यात झोपवलं तिच्याकडं वळून बघितलं नाही.

"गाडीचं झालं," नागम्मा पुटपुटली, "पण घरात कायतरी असल्याबिगर..."

सुधारानी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, त्या दिवशी बोलली.

"आत्याबाई, आजपासून मी घरात झोपणार. माझ्या नवऱ्याचं बी घर हाय ते. अडवायचं असंल तर अडवा. पण गाडीला पुढं करू नका. तुमच्या तोंडानं सांगा, जमीन द्यायची न्हाई म्हणून."

नागम्मानं मान फिरवली. तिची पकड सुटली तशी रेणुका पळत येऊन आईच्या कमरेला बिलगली. शे-दीडशे माणसं होती तिथं. माफी मागणारा एकही निघाला नाही.

अप्पाचा मठ बंद पडला असं लिहायला मला आवडलं असतं. पुढच्या अमावस्येला तिथं परत ट्रॅक्टर लागले होते. अप्पा आता म्हणतो, मॅडमच्या हाताला मीच शक्ती दिली.

असल्या प्रकाराविरुद्ध कर्नाटकात कायदा आहे. हेमावतीनं सुधारानीला बरोबर घेऊन तक्रार दिली आहे, बघू. पण कायदा यायच्या आधी तुमच्या खांद्यावर तुमचं डोकं आहे, ते कुणाच्या ओट्यावर ठेवू नका. यंत्राला जात कळत नाही, विधवा कळत नाही, पाप कळत नाही. त्याला हवा कळते आणि पेट्रोल कळतं. पाप करतात ती माणसं, आणि बहुतेक वेळा त्यामागं एखादं शेत असतं. म्हणून हात जोडून नाही, बोट रोखून सांगतो: बाईला घराबाहेर काढण्याआधी बॉनेट उघडा.