धोंडबाच्या डोळ्यातले लाल धागे

"हलू नका हो धोंडबाजी! डोळा तपासते आहे मी, आणि पाय तुमचे नाचताहेत!" दिव्याच्या यंत्रामागून डॉक्टरबाई ओरडल्या.

धोंडबानं हनुवटी यंत्रावर टेकवली होती, पण पाय काही थांबेनात. उमरेडच्या या विणकराचे पाय जन्मभर मागाच्या पावड्या दाबत आलेले. स्टुलावर बसवलं म्हणून ते काय गप्प बसणार?

उजवा डोळा लहानपणीच देवीनं नेला होता. गेल्या वर्षी डाव्याच्या बुबुळावर जखम होऊन फूल पडलं, तेव्हा नागपूरच्या या दवाखान्यात कुणा मेलेल्या माणसाचा पारदर्शक पडदा त्यावर बसवला. त्र्याहत्तर सालची गोष्ट. उमरेडचे लोक तो डोळा बघायला यायचे आणि धोंडबाही नवरदेवासारखा मिरवायचा. दिवाळीनंतर तो पुन्हा मागावर बसला, तेव्हा सुताचा तार न् तार दिसत होता. आता परत सगळं धुरकट झालं होतं.

"थेंब कधी बंद केले?"

धोंडबानं हनुवटी यंत्रावरून काढून घेतली. बायकोनं, इंदूबाईनं, सांगून टाकलं, "संक्रांतीपासून नाही टाकले, बाई. मी सांगू सांगू थकली."

"डोळा साफ दिसून राहिला होता जी!" धोंडबा उसळला. "लाली नाही, ठणका नाही. खळ सुताले लावतेत. कापड मागावरून उतरल्यावर कोणी खळ लावते का?"

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, कापड उतरतं, डोळा नाही उतरत! तुमच्या बुबुळाच्या काठाला जुनी सूज होती. जिथं सूज, तिथं शरीर नव्या रक्तवाहिन्या धाडतं. बोट कापलं तर त्यांनीच जखम भरते. पण बुबुळ काचेसारखं हवं, तिथं रक्त नको. थेंबांनी सूज दबली होती. ती पुन्हा उठली आणि काठाकडून लाल धागे नव्या पडद्यात शिरले. रक्त पोचलं, तसं अंगानं ओळखलं, हा पडदा परक्याचा आहे."

"मंग कापून टाका ना ते धागे!"

"सूज आहे तोवर पुन्हा येतील. आजच भरती व्हा. तासातासाला थेंब टाकू. वाचला तर वाचला."

अंग आपलं भलं करायला धावलं आणि त्यानंच घात केला! धोंडबाला कुणावर चिडावं ते कळेना. वॉर्डात खाटेवर तो बसे, उठे, पुन्हा बसे.

"अर्धं लुगडं मागावर आहे वं. लग्नाचं आहे."

घरात बाईनं सुताच्या कांड्या भराव्यात, मागावर बसू नये, हा रिवाज. तो त्यानंच कडक पाळला होता. पण आता तोच हवेत हात चालवून तिला विणणं दाखवू लागला. "हे पाय, धोटा असा फेकाचा, मंग हातानं..."

"येते मले," इंदूबाई म्हणाली.

हात थबकले. "कधीपासून?"

"तुम्ही मांगं इथं भरती होते तवापासून. पोट थांबते का?"

धोंडबाला आधी संताप आला, मग भीती वाटली. आपल्यावाचून माग चालतो, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यानं विचारलं, "काठ सरळ येते का?"

"येते."

"मंग जा. बस सुटन."

ती दारापर्यंत गेली, तेव्हा त्यानं हाक मारली.

"कोणी विणलं म्हणून विचारलं, तं तुयंच नाव सांगजो."