टाकीच्या वरची निळी रेघ

साहेब, चूक तुमची आहे. भाऊ जाऊन महिना झाला नव्हता, तोवर तुम्ही त्याच्या बहिणीच्या मोबाइलवर दोन वाक्यं पाठवून मोकळे झालात. लॅपटॉपमधली खासगी माहिती पुसून तो परत करावा. कार्यालयीन फाइलींना हात लावू नये. माणसाचे असे दोन ढीग करता येतात, एक घरच्यांचा आणि एक तुमचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

बहीण तुम्हाला माहीत नाही. ती दवाखान्यात नर्स आहे. वॉर्डातले सगळे तिला सिस्टर म्हणतात, गल्लीतलेही सिस्टरच म्हणतात. ताई म्हणणारा एकच होता. तो तुमच्या पाणी खात्यात नळाच्या लाइनींचे नकाशे काढायचा. अख्ख्या गावाचं पाणी कुठून कुठं जातं हे कागदावर दाखवायचा आणि सकाळी बहिणीच्या हातातली एक बादली काढून घेऊन तिच्यामागून जिना चढायचा. साध्या तापाचं निमित्त झालं आणि तिच्याच वॉर्डात गेला.

रविवारी दुपारी लॅपटॉप पुसायला आला तो तुमचाच माणूस. भावाच्या शेजारच्या टेबलावरचा. ताठ चालतो म्हणून सगळं खातं त्याला काटकोन म्हणतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत काटकोनाचा पार कोन बिघडला होता.

"सिस्टर, तुम्ही बादल्या घेऊन चढता हे जिने?"

"छे रे. बादल्या मला घेऊन चढतात. बस, पाणी देते. सांडू नकोस, खालून आणलंय."

लॅपटॉप जुना. डाव्या बिजागरीला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली, ती तिनंच लावून दिली होती. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "ताई, पेशंट वाचेल ना?" काही बटणांवरची अक्षरं पार झिजून गेली होती. पासवर्ड तिला पाठ होता. "मी विसरलो तर तुझ्या लक्षात असू दे," म्हणून त्यानंच सांगून ठेवलेला.

काटकोनानं फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि विचारलं, "इथले पुसू?"

"पूस."

गाणी. "पुसू?"

"अरे, दर वेळी काय विचारतोस? पट्टी काढताना एकदम ओढायची असते. हळूहळू ओढली की जास्त दुखतं."

मग एक सिनेमा निघाला, अर्ध्यावर थांबवलेला. पडद्यावर एक बाई दार उघडत होती. इथंच त्याला झोप लागली असणार, खुर्चीतच, मान एका बाजूला टाकून. तिनं कितीदा ती मान उशी लावून सरळ केली होती. बाईनं दार उघडलं तर बाहेर कोण उभं होतं, हे त्याला कधी कळलं नाही.

"पूस," ती म्हणाली. या वेळी जरा थांबून.

सगळं झालं. तरी काटकोन उठेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय रे? भूक लागली का?"

"नाही. एक राहिलंय. पण ते ऑफिसच्या फाइलीत आहे."

त्यानं गावाचा नकाशा उघडला. म्हणाला, आमचे नकाशे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. एका काचेवर रस्ते, एकीवर घरं, एकीवर नळ. हवी ती काच दाखवायची, नको ती झाकायची. त्यानं नळ दाखवले. गावभर निळं जाळं पसरलं आणि उताराच्या पायथ्याशी, टाकीपाशी येऊन थांबलं. टाकीच्या वरच्या चढावर नुसतं कोरं. त्या कोऱ्या जागेत ती तेव्हा बसलेली होती.

मग त्यानं सगळ्यात खालची, झाकलेली काच उघडली. काचेला नाव होतं, 'ताई'.

टाकीजवळ एक छोटा पंप आला. पंपातून एक निळी रेघ निघाली, उतार चढून त्यांच्या गल्लीत शिरली, दारोदार फाटे देत गेली आणि गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर येऊन टेकली. तिथं एक घर होतं.

"ही लाइन त्यानं खरंच सुचवली होती," काटकोन म्हणाला. "दर वर्षी सुचवायचा. साहेब दर वर्षी लाल पेननं काट मारायचे. सध्या नको, म्हणायचे. मग यानं ती इथं आणून लपवली. डबा खाताना बसायचा हे उघडून. आम्ही चिडवायचो, अरे, पाण्याचा पत्ता नाही आणि हा घर बांधून बसलाय!"

"मोठं कर जरा."

घर मोठं झालं. स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताईच्या कोपराइतकं उंच, वाकायला लागू नये.' न्हाणीघरात बसायला कट्टा, 'ड्यूटीवरून आल्यावर पाय धुवायला.' वरच्या मजल्यावर पण नळ. जिन्यात पण नळ.

"जिन्यात कशाला रे?"

"मीही विचारलं होतं. म्हणाला, सूड."

ती हसली. हसता हसता तिला दाराजवळची चिंचोळी खोली दिसली. एक कॉट मावेल एवढीच. आत लिहिलेलं, 'मी (तात्पुरता)'.

चाळिशी ओलांडलेला माणूस. लग्नाचं काढलं की म्हणायचा, जाईन गं कधीतरी, तोवर टाक मला कोपऱ्यात कुठंतरी. ती त्या कंसाकडे बघत राहिली. पेशंटचा श्वास मोजताना बघते तशी, हलतंय का काही.

"पुसू?" काटकोनानं अगदी हळू विचारलं.

"हे खासगी आहे?"

"घर खासगीच म्हणायचं."

"आणि रेघ?"

"रेघ ऑफिसची. म्हणजे, साहेबांनी काट मारली, तेव्हा ऑफिसची नाही."

"मग माझी?"

"तुमची कशी? पाणी ऑफिसचं."

"मग नीट सांग ना, मेल्या!"

"मला नाही सांगता येत," काटकोन रडकुंडीला आला. "घर पुसलं तर रेघ कुठं चालली ते कळत नाही. रेघ पुसली तर ऑफिसच्या फाइलीला हात लागला. फाइल बाहेर दिली तर माझी नोकरी जाते. तुम्ही मोबाइलवर फोटो काढून घ्या, ताई."

त्याच्या तोंडून 'ताई' निघून गेलं.

तिनं मोबाइल उचलला, पडद्यासमोर धरला आणि खाली ठेवला.

"फोटो काय, त्याचेही आहेत त्या पेनड्राइव्हवर. घर नको मला. त्यात आता राहायचं कुणी? रेघ तेवढी हवीय. ती तरी त्याच्यासारखी तात्पुरती नको."

सोमवारी ती रजा टाकून तुमच्या ऑफिसात आली, साहेब. लॅपटॉप पोटाशी धरून, तान्ह्या पोराला आणावं तसा. तुमच्या टेबलावर ठेवला, उघडला, चिकटपट्टीच्या बाजूला हाताचा आधार दिला. पुसा म्हणालात त्यातलं एवढं घर तिनं पुसलेलं नाही. हात लावू नका म्हणालात त्याला हात लावलेला नाही. काच उघडी आहे. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मग काटकोनाकडे. तो या वेळी अगदी ताठ उभा होता.

ती अजून तुमच्या दारात उभी आहे. उभं राहायची तिला सवय आहे, नळावर तेच करते. तुमच्याकडून तिला दुसरं काही नकोय. पडद्याकडे बघा आणि सांगा: ही निळी रेघ कुणाची?