सात नंबरची खाट

वॉर्डाच्या दाराशी एवढी गर्दी होती की आत शिरायला मला कोपरं वापरावी लागली. सगळे सात नंबरच्या खाटेभोवती दाटले होते. कुणी तिच्या लोखंडी कठड्याला कपाळ लावत होतं, कुणी तान्ह्या बाळाला गादीवर टेकवून उचलत होतं. खाटेवरचे जाडगेले गृहस्थ संत्रं सोलत बसले होते. काल म्हणे ते मरणाच्या दारात होते. एवढे टुणटुणीत परतले, म्हणजे दारातून नुसते डोकावून आले असावेत.

“या खाटेवरून प्रत्येक माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेलाय,” वॉर्डबॉय छाती फुगवून सांगत होता. खाटेत चुंबक, चुंबकात लहरी, आणि लहरी अंगातला दोष ओढून घेतात, असं त्याचं शास्त्र होतं. ओढलेला दोष जातो कुठे, असं मी विचारलं. खाटेच्या पायांतून खाली जमिनीत, असं उत्तर मिळालं. खालच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता, याचा विचार त्याने केलेला दिसला नाही.

माझे मामा भिंतीजवळच्या बाकावर पोट धरून, घामाघूम होऊन बसले होते. अपेंडिक्स सुजलं होतं. आजच्या आज ऑपरेशन झालं नाही तर ते फुटेल आणि जिवावर बेतेल, असं खुद्द डॉक्टरांनी बजावलं होतं. बारा नंबरची खाट रिकामी होती. पण मामा हटून बसले होते: झोपेन तर सातवर, नाहीतर घरी जाईन. मामी समजावून थकली होती. मला आधी हसू आलं. मग मामांचे पांढरे पडलेले ओठ दिसले आणि संताप आला.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हट्टी माणसांची मला सवय आहे. मी सरळ डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, संत्रंवाले बरे झालेत, सात नंबर मामांना द्या, विषय संपला.

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. बारा नंबर चांगली आहे, खिडकीजवळ आहे, वारा येतो, असं बरंच काही म्हणाले.

“पण सातवर सगळे बरे होतात ना?”

“होतात.”

“मग मामाही होतील.”

“अहो बाई, त्यांना सातवर कसं ठेवणार? ते खरोखर आजारी आहेत!”

कठड्याला कपाळ टेकवलेल्या बाईंनी ते हळूच काढून घेतलं.

डॉक्टरांचे कान लाल झाले. मग ते स्टुलावर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. वरच्या कार्यालयाने ‘आदर्श खाट योजना’ काढली होती. वॉर्डातली एकच खाट तपासायची. तिच्यावरचे सगळे रोगी मुदतीत बरे झाले तर वॉर्डाला औषधं वेळेवर आणि डॉक्टरांना बढती. एक जरी बिघडला तर दोन्ही बंद. मग सातवर कोण झोपणार? अपचन, सर्दी, मुरगळलेला पाय. खरे रोगी बाकीच्या खाटांवर.

“मला उचकी लागली होती,” संत्रंवाले ओशाळून म्हणाले. “पण जोरात होती.”

सगळे हसले, डॉक्टर सोडून. “पूर्वी माणूस दारातून आला की मी आधी त्याचा आजार बघायचो,” ते म्हणाले. “आता आधी बघतो, हा सातला चालेल का.” त्यांची मला खरंच दया आली. माणूस वाईट नव्हता, आणि हाताला कसब होतं.

मामा कण्हत उठले. “म्हणजे मला सातवर घेतलं असतं, तर मला काही झालेलंच नाही असं समजायचं?”

“हो, मामा.”

“चल मग बाराला.”

संध्याकाळी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. बाहेर आलेले डॉक्टर शाळा सुटल्यासारखे खूश दिसत होते. पुढे आम्ही सगळे वरच्या कार्यालयात गेलो आणि एकच नको, सगळ्या खाटा तपासा, असं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, विचार करू. अजून करताहेत, आणि आम्ही अजून जातोय.

तोवर तुम्ही एक करा. चमत्कार दिसला की मान लववण्याआधी विचारा, इथे कुणाकुणाला येऊ दिलं जात नाही, आणि त्यात कुणाचं काय साधतं. खाट कुणाला बरं करत नाही. आजार ओळखून उपचार करणारा माणूस बरं करतो, आपण त्याला ते करू दिलं तर.

घरी निघताना मामा बारा नंबरच्या कठड्याला धरून जरा जास्तच वेळ वाकलेले दिसले. मी नुसतं बघितलं.

“टाके ओढले जातात, म्हणून धरलंय,” मामा म्हणाले आणि त्यांनी हात चटकन मागे घेतला.